शून्याचे मानकरी

क्रिकेटमधील निर्धाव षटकाचे कौतुक भारतीय क्रीडारसिकांना नवे नाही. बेसबॉलमध्ये त्याहून कठीण असा एक पराक्रम आहे. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, संपूर्ण सामनाभर प्रतिपक्षाला एकही धाव घेऊ देत नाही, तेव्हा त्यास ‘शटआउट’ म्हणतात. तीन गडी बाद झाले की संघाचा डाव संपतो. प्रत्येकी नऊ डावांनंतरही बरोबरी असल्यास खेळ पुढे चालू राहतो.

२७ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस येथे वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना झाला. मिनेसोटा ट्विन्स आणि अटलांटा ब्रेव्ह्ज हे दोन्ही संघ १९९० मध्ये आपापल्या विभागात अगदी तळाला होते! ट्विन्सचा पिचर जॅक मॉरिस हा शेजारच्याच सेंट पॉल शहरात जन्मलेला. वय ३६. याच मालिकेतील त्याचा हा तिसरा सामना होता, आणि आधीच्या सामन्यानंतर त्याला विश्रांती मिळाली होती ती केवळ तीन दिवसांची.

नऊ डाव संपले तरी दोन्ही बाजूंचा फलक शून्यावरच होता. प्रशिक्षक टॉम केली मॉरिसला विश्रांती देणार होते. परंतु त्याने चेंडू सोडण्यास नकार दिला. दहाव्या डावातही त्याने धाव दिली नाही. त्याच डावात जीन लार्किनच्या फटक्यावर डॅन ग्लॅडन धावत घरी आला आणि ट्विन्सने १–० असा विजय मिळवला.

या सामन्याची कथा सहसा एका माणसाच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. आठव्या डावात ब्रेव्ह्जचा लॉनी स्मिथ पहिल्या बेसवर असताना पेंडल्टनने दूरवर फटका मारला. स्मिथ सहज घरी पोहोचला असता. मात्र चेंडू जवळच असल्याचा आव ट्विन्सच्या क्षेत्ररक्षकांनी आणला. स्मिथ मध्येच थबकला आणि तिसऱ्या बेसपर्यंतच जाऊ शकला. तेव्हा एकही गडी बाद झालेला नव्हता. पुढे हर्बेक आणि कॅचर हार्पर यांनी एकाच चेंडूवर दोघांना बाद करून तो डाव संपवला. हे हात नसते, तर मॉरिसची जिद्द तिथेच व्यर्थ ठरली असती.

आज पिचरने शंभराच्या आसपास चेंडू फेकले की त्याला बहुधा थांबवले जाते, आणि ते योग्यच आहे. खांदा व कोपर यांची झीज कौतुकाने भरून येत नाही. त्या रात्रीचे धाडस म्हणूनच स्मरणात ठेवावे, नियम म्हणून नव्हे.

मॉरिसच्या कारकिर्दीचा हिशेबही सरळ नाही. नऊ डावांमागे ३.९० धावा ही त्याची सरासरी मोठ्या पिचरांच्या मानाने जास्तच. हॉल ऑफ फेममधील निवडीसाठी पत्रकारांची ७५ टक्के मते लागतात. पंधरा वर्षे प्रयत्न होऊनही ती त्याला मिळाली नाहीत. अखेर एका समितीच्या निर्णयाने २०१८ मध्ये त्याचा समावेश झाला.

ब्रेव्ह्जचा जॉन स्मोल्ट्झ त्याच्याआधी, २०१५ मध्येच तेथे पोहोचला होता. त्या रात्री सात डावांहून अधिक काळ चेंडू फेकून त्यानेही एकही धाव दिली नव्हती.