लेगोची आकाशगंगा आणि कॅननचे हिशेबनीस

'स्टार वॉर्स'च्या चाहत्यांत लेगोच्या मालिकांचा विषय निघाला की दोन पक्ष पडतातच. एक म्हणतो, त्या कॅननमध्ये, म्हणजे अधिकृत कथेत, नाहीत, कशाला वेळ घालवायचा? दुसरा म्हणतो, पाहा, पण कथेतल्या काळाप्रमाणे क्रम लावून पाहा. मला दोन्ही मतं मान्य नाहीत.

आधी कॅननवाल्यांचं पाहू. एप्रिल २०१४ मध्ये लुकासफिल्मने सहा चित्रपट आणि 'द क्लोन वॉर्स' अढळ ठरवले आणि जुन्या कादंबऱ्या-कॉमिक्सवर 'लेजंड्स'चा, म्हणजे कॅननबाहेरचा, शिक्का मारला. कारण उघड होतं. नवे चित्रपट यायचे होते, त्यांच्या लेखकांना हात मोकळे हवे होते. घरच्या सोयीसाठी केलेली ही आवराआवर चाहत्यांनी मात्र गुणवत्तेची परीक्षा मानली. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने महाभारत लिहिणाऱ्या गणपतीची कथा परिशिष्टात टाकली. म्हणून आपल्या आज्यांनी ती सांगायची सोडली नाही.

आणि 'द फ्रीमेकर ॲडव्हेंचर्स' (२०१६-१७) ही लेगो मालिका खरोखर इतकी उपरी आहे का? 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक' आणि 'रिटर्न ऑफ द जेडाय' यांच्या मधल्या फटीत ती बेताने बसवलेली आहे. फ्रीमेकर भावंडं लढायांनंतरचं भंगार गोळा करतात, त्यातून यानं जुळवून विकतात. त्यांच्याकडे राबणारा रॉजर हा क्लोन युद्धातला जुना लढाऊ ड्रॉइड. एका पिढीचं युद्ध दुसऱ्या पिढीच्या घरात नोकर होऊन उरलंय, हे एवढ्या सहजपणे मोठ्या चित्रपटांनीही क्वचितच दाखवलं असेल. धाकट्या रोवनची 'फोर्स' ही गूढ शक्ती तर जुळणी करण्यातच प्रकटते. खेळण्याचा गुणधर्म इथे कथेचा कणा झाला आहे.

'अहो, पण ही जाहिरातच!' आहेच. भावंडांचं स्टारस्कॅव्हेंजर हे यान दुकानात डब्यातून विकलं गेलं. पण १९७७ च्या नाताळात केनर कंपनीने खेळणी तयार नसताना हमीपत्र घातलेलं पाकीट विकलं, तेही याच पवित्र गाथेच्या नावावर. विक्रीचा विटाळ मानायचा तर मूळ चित्रपटापासूनच सुरुवात करावी लागेल.

आता काळक्रमवाले. 'द क्लोन वॉर्स'साठी त्यांचा आग्रह रास्त आहे, कारण तिथे दुसऱ्या पर्वाचा सोळावा भाग कथेत त्या मालिकेची सुरुवात करणाऱ्या 'द क्लोन वॉर्स' चित्रपटाच्याही आधी घडतो. लेगोला तोच नियम लावला की गाडी अडते. २०२० च्या 'हॉलिडे स्पेशल'मध्ये रे ही नायिका काळाच्या दारांतून एका चित्रपटातून दुसऱ्यात उड्या मारत जाते. हा भाग कुठल्या सालात बसवणार? 'ड्रॉइड टेल्स' (२०१५) मध्ये सी-थ्रीपीओ हा ड्रॉइड सहाही चित्रपटांची कथा आपल्या पद्धतीने सांगतो. सांगणाराच इतका बडबड्या. त्याच्या बोलण्यावर कालगणना उभी करणं हा शुद्ध भाबडेपणा आहे.

म्हणून माझा क्रम विनोदाच्या पूर्वतयारीचा आहे: ज्या भागाची थट्टा आहे, तो आधी पाहिलेला हवा. सहा चित्रपट झाले की 'फ्रीमेकर'. तिचं दुसरं पर्व एंडॉरच्या लढाईपर्यंत येतं, ते 'रिटर्न ऑफ द जेडाय' पाहिल्यावरच रंगतं. मग 'ड्रॉइड टेल्स'. 'हॉलिडे स्पेशल' नव्या तीन चित्रपटांनंतर. लहान मूल सोबत असेल तर हा क्रमही गुंडाळून ठेवावा, त्याला आवडेल तिथून सुरू करावं.

'रीबिल्ड द गॅलक्सी' (२०२४) सगळ्यात शेवटी. त्यात सिग नावाचा पोरगा मंदिरातला एक ठोकळा उपसतो आणि अख्खी आकाशगंगा उलटीपालटी होते. चित्रपटांतला बावळट जार जार थेट खलनायक सिथ होतो. मूळ जार जारने ज्यांचा जीव खाल्ला आहे, त्यांनाच यातली मजा कळेल. याच मालिकेत जेडाय बॉब भेटतो. २००२ च्या रिपब्लिक गनशिपच्या संचात एक बिननावाचा जेडाय बाहुला होता, त्याला पुढे बॉब हे नाव चिकटलं. बावीस वर्षांनी तो पडद्यावर बोलू लागला, कुठल्याही कॅननची परवानगी न घेता.