डोकेदुखी : थट्टेचा विषय नव्हे

कटकटीच्या कामाला वा नकोशा पाहुण्याला आपण सहज ‘डोकेदुखी’ म्हणतो. पण ज्याचे कपाळ खरोखरच ठणकत असते, त्याच्यावर मात्र आपला विश्वास बसत नाही! मोडलेला हात प्लास्टरात दिसतो, ताप थर्मामीटरवर चढतो. डोकेदुखीला असा साक्षीदार नाही. म्हणून कचेरीत तिला कामचुकारपणा म्हणतात आणि घरात नखरे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली जगातील सुमारे ४० टक्के लोकांना डोकेदुखीच्या विकारांनी गाठले होते. अर्धशिशीचा जाच स्त्रियांना अधिक. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ डोके दुखत राहिले, की वैद्यकशास्त्र त्या दुखण्यास जुनाट म्हणते. अशा रुग्णांत नैराश्य व चिंताविकार इतरांहून अधिक आढळतात. दुखण्याने मन खचते आणि खचलेले मन दुखणे वाढविते. त्यात दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्या, तर त्या गोळ्यांनीच डोके दुखू लागते. आगीतून फुफाट्यात!

तेव्हा गोळी लिहून देऊन डॉक्टरांचे कर्तव्य संपत नाही. झोप लागते काय, मन रमते काय, हेही त्यांनी विचारले पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाच्या आजारावरील उपचार हा नागरिकाचा हक्क ठरविला आहे. ‘डोके दुखते’ म्हणणाऱ्यापर्यंतही तो पोहोचावयास हवा.

राहिली घरची मंडळी. ज्याचे जळते त्यालाच कळते, हे खरे. पण दुसऱ्याचे दुःख कळण्यासाठी आपलेही जळावेच लागते, असे थोडेच आहे?