पाणी आमच्या शिवाराला, कुलूप त्यांच्या शाळेला



सायखेड्याच्या पुलाखालून गोदावरी वाहते आणि पुढे नांदूरमधमेश्वरला अडते. तिथून निघणारा जलद कालवा वैजापूर-गंगापूरच्या कोरडवाहू शिवाराकडे जातो. आमच्या कपाशी-ज्वारीला एखादे पाणी मिळावे म्हणून वर इगतपुरी तालुक्यात मुकणे, भावली, वाकी आणि भाम ही धरणे बांधली. त्यासाठी कोणाचे घरदार उठले, हे आम्ही कधी विचारले नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये ते लेकरांनीच सांगितले.

भाम धरणात जमिनी गेलेल्या दरेवाडीच्या आदिवासी वस्तीवरची शाळा बंद झाली. तेव्हा पोरे आणि त्यांचे आईबाप बकऱ्या हाकत नाशिकच्या जिल्हा परिषदेकडे निघाले. मागणी एकच : आमची दप्तरे परत घ्या आणि आम्हाला बकऱ्या द्या. शिकवायचे नसेल तर निदान राखणीला तरी लावा! पायी मोर्चा निघाला तेव्हा कुठे साहेबांना ती शाळा दिसली.

सरकार म्हणते, पट कमी, खर्च जास्त. मग विचारू या, पट कमी झाला कशाने? गाव उठवायचे, वस्ती विखरायची आणि वर पोरे मोजायची, हा कुठला न्याय? काट्यावर आमच्या कापसाची घट धरणारे हेच हात आता आमची पोरे तोलायला बसले आहेत.

2009 चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असे राज्याचे नियम सांगतात. तरी 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे घाटले. गाडी पाठवू म्हणतात. ज्या रस्त्याने पावसाळ्यात बाळंतीण दवाखान्यात पोचत नाही, त्या रस्त्याने पहिलीतली पोर रोज शाळेत कशी पोचणार? पोरगा कसाबसा जाईल. पोरीला मात्र घरी बसवतील, मग लगीन उरकतील.

हे गाऱ्हाणे नवे नाही. 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच मांडले : सारा भरतो कुणबी आणि शिकतात वरच्या वर्गाची मुले. गोरा साहेब गेला, वाटणी तीच राहिली.

आमचेही थोडे चुकते. ज्याला परवडते तो आपले पोरगे जीपमध्ये घालून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत धाडतो आणि गावच्या शाळेचा पट आपल्याच हाताने घटवतो. मग कुलूप लागले की सरकारला शिव्या देतो. मागे राहतात ते मजुराचे, मेंढपाळाचे, कातकरी-ठाकराचे लेकरू. त्यांच्या वतीने बोलायला कोणी नसते.

म्हणून या जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडत आहोत. ग्रामसभेच्या संमतीवाचून एकही वस्तीशाळा बंद होता कामा नये. धरणग्रस्तांच्या शाळेला पटाची अट नको. आणि कुठल्याही वस्तीची पोरे दप्तर घेऊन रस्त्यावर आली, तर त्यांच्यामागे पहिली रांग कालव्याचे पाणी पिणाऱ्या शेतकऱ्यांची असावी. पाण्याची पट्टी सरकारला भरतो. हे देणे मात्र दरेवाडीचे आहे.