"ॲसिड मारा" म्हणणाऱ्यांना दोन शब्द

पोस्ट जरा मोठी आहे, पण आपल्याच गावातल्या दगडाची आहे. शेवटपर्यंत वाचा.

तिसगावात आमच्या घराजवळ एका देवळासमोर काळ्या दगडाची जुनी फरसबंदी आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेली. मागच्या उन्हाळ्यात शेजारी गटारीचं काम निघालं. माल कालवायला खाली पत्रा नाही, ताडपत्री नाही. थेट दगडावर वाळू-सिमेंटचा ढीग आणि त्यात पाणी. काम संपलं, माणसं गेली, दगडावर करडे पोपडे राहिले.

विचारलं तर उत्तर काय? "त्यात काय एवढं, ॲसिड मारा, निघून जाईल." एकाने उत्साहाने संडास धुवायचं ॲसिड आणून ओतलंसुद्धा. सिमेंट अर्धवट गेलं आणि तांबूस-पिवळे डाग वर आले. आता त्याच तोंडांचा नवा सल्ला: "दगड खराब झालाय, उपटून पेव्हर ब्लॉक टाकू."

म्हणजे घाण आपण करायची आणि शिक्षा दगडाला? अहो, पेव्हर ब्लॉक तरी कशाचा असतो? सिमेंटचाच ना!

ॲसिडने काय होतं ते समजून घ्या. सिमेंटमध्ये चुन्याचा अंश असतो, तो ॲसिडमध्ये विरघळतो, हे खरं. पण आपल्या काळ्या दगडात लोह असतं. ॲसिड ते सोडवतं आणि मग गंजासारखा डाग उठतो. शहाबादी फरशीचं तर विचारूच नका. ती चुनखडीचीच, त्यामुळे डागाबरोबर फरशीही खाल्ली जाते. लिंबू-व्हिनेगरनेसुद्धा तिची चकाकी जाते. आणि ॲसिड ओतून वर ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्यांनो, त्यातून क्लोरीन वायू निघतो. जिवाशी खेळ आहे तो.

मग करायचं काय?

१) माल ओला असतानाच भरपूर पाणी आणि ब्रश. सिमेंट घट्ट व्हायला काही तास लागतात. तेवढ्यात जे एका बादलीत जातं, ते नंतर महिनाभर जात नाही.
२) वाळलेला पोपडा लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू उचला. जाड थर असेल तर हात बसलेल्या पाथरवटाला बोलवा, छिन्नी त्याच्याच हातात शोभते.
३) उरलेल्या पातळ थरासाठी दगडाचं सौम्य क्लिनर वापरायचंच असेल, तर आधी कोपऱ्यातल्या एका दगडावर पाहा. दगड अगोदर पाण्याने भिजवा, नंतर खळखळून धुवा. शहाबादीवर आम्लाचं काहीही नको.
४) तरीही पुसट सावली राहिली तर राहू द्या. पुसट डाग परवडला, खाल्लेला दगड परत येत नाही.

कुणी म्हणेल, "तुम्हाला विकास नको." गटार हवीच, डास आमच्याही घरात येतात. मागणं एवढंच, की गटार करताना शेजारचा दगड झाका. एका ताडपत्रीला किती पैसे लागतात? आणि फरसबंदी उपटून नवे ब्लॉक बसवायला किती? हिशोब शाळकरी पोरगंही करील. पण ताडपत्रीत कुणाचं बिल निघत नाही, नव्या कामात निघतं. खरी गोम इथं आहे.

मढीच्या गडावरचं दगडी काम आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. मग आपल्या दारातल्या दगडाने काय पाप केलंय?

येत्या ग्रामसभेत मी दोन गोष्टी मांडणार आहे. एक, यापुढे प्रत्येक कामाच्या करारात लिहा: जुना दगड झाकायचा, सांडलेला माल त्याच दिवशी धुवायचा, आणि जागा स्वच्छ दिसल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. दोन, देवळासमोरचा एकही दगड जाणकाराला दाखवल्याशिवाय हलवायचा नाही.

पटत असेल तर नुसतं लाईक नको, ग्रामसभेला या. आणि तोवर कुणी ॲसिडची बाटली घेऊन निघालेलं दिसलं, तर हात जोडून माघारी पाठवा.