पहिला वस्तरा घेताना

वस्तऱ्याने घरच्या घरी दाढी करण्याची हौस गेल्या काही वर्षांत तरुण मुलांत पुन्हा दिसू लागली आहे. आमच्या महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेला आणि आता उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लागलेला विद्यार्थी परवा याच कामासाठी घरी आला होता. पहिल्या पगारातून वस्तऱ्याचा संच घ्यायचा आहे. तीन-तीन पात्यांच्या रेझरने त्याच्या गळ्यावर पुटकुळ्या उठतात, केस कातडीच्या आत वळतात, हे त्यामागचे खरे कारण. आईचा सक्त विरोध. कपाटात आजोबांचा जुना वस्तरा पडून आहे. आणि मोबाइलवर सहा-सातशे रुपयांत ‘संपूर्ण संच’ दिसतो आहे, तो घेऊ का, असे विचारत होता. मी स्वतः बारा वर्षे वस्तऱ्यानेच दाढी करतो हे त्याला ठाऊक. असे प्रश्न आणखीही घरांत निघत असतील, म्हणून त्याला जे सांगितले तेच इथे लिहितो.

आधी थोडे शब्दांविषयी, कारण मराठीच्या मास्तराला तो मोह आवरत नाही. ‘वस्तरा’ आला फारसीतल्या ‘उस्तुरा’वरून. ‘क्षौर’ संस्कृत, आणि तो आपल्या कन्नडमध्येही जसाच्या तसा. धारवाडकडची मंडळी तर सरळ ‘दाडी’च म्हणतात. आपण ज्या दगडाला सहाण म्हणतो त्याला तिकडे ‘साणेकल्लु’. वारकऱ्यांत सेना महाराज आणि शरणांत बसवण्णांचे समकालीन हडपद अप्पण्णा या दोघांची नावे नाभिक समाज आदराने घेतो. सीमेच्या दोन्ही बाजूंना हे हत्यार असे जुन्या ओळखीचे आहे.

आता मुद्द्यावर. सलूनमध्ये हल्ली दिसतो तो खरा वस्तरा नव्हे. एड्स आणि काविळीच्या भीतीने एकच वस्तरा सगळ्या गालांवर फिरवणे बंद झाले, ते योग्यच झाले. आता कारागीर नेहमीचे दुधारी ब्लेड मधोमध मोडून अर्धे पाते मुठीत बसवतो आणि गिऱ्हाईक उठले की फेकून देतो. हा ब्लेडचा वस्तरा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. त्याला चामोटा लागत नाही, दगड लागत नाही. म्हणून पुष्कळ जण त्यावर हात बसवायचा म्हणतात. माझे मत जरा वेगळे आहे. तो हलका असतो, ब्लेडचे कोपरे उघडे असतात आणि हात किंचित चुकला तरी तो लगेच रक्त काढतो. खऱ्या वस्तऱ्याला वजन असते, ते वजनच काम करते. ब्लेडच्या वस्तऱ्याने गाल कापला म्हणून ‘हे आपल्याच्याने होणार नाही’ असे ठरवणारे मी पाहिले आहेत. पैशाची ओढ असेल तर जरूर त्याने सुरुवात करावी, पण त्यावरून खऱ्या वस्तऱ्याची परीक्षा करू नये.

सहा-सातशेच्या ‘संपूर्ण संचा’बद्दल मात्र माझे मत पक्के आहे: घेऊ नये. चकचकीत पाते, नक्षीची मूठ, सोबत बोटभर रुंदीचा चामड्याचा तुकडा. दिसायला वस्तरा, पण पोलाद मऊ, पाठ वाकडी, आणि धार लावू म्हटले तर ती धरतच नाही. त्या पैशांत एक चांगला ब्रश आणि साबण येतो.

चांगला वस्तरा कसा ओळखावा? पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. नवशिक्याला 5/8, म्हणजे सुमारे 16 मिलिमीटर, सर्वांत सोयीची. 6/8 ही चालते, पण नाकाखाली ती अडते. टोक गोल असावे. चौकोनी टोकाने कानाजवळची रेघ सुरेख येते खरी, पण पहिल्या महिन्यात तेच टोक कानाच्या पाळीत शिरते. पात्याच्या दोन्ही बाजू आत कोरलेल्या असतात. जितके खोल कोरलेले तितके पाते पातळ, आणि दाढी करताना ते हलके ‘किर्र’ वाजते. अर्धवट कोरलेले पाते थोडे ताठ राहते. राठ दाढीला ते बरे पडते. मूठ शिंगाची असो वा प्लॅस्टिकची, दाढीत काही फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त किमतीत.

नावांत जर्मनीतले झोलिंगेन, इंग्लंडमधले शेफील्ड आणि फ्रान्समधले तिएर ही तीन गावे प्रसिद्ध. झोलिंगेनचे नाव पात्यावर कोणी घालावे यासाठी जर्मनीत 1938 पासून कायदा आहे. तिथली डोव्हो कंपनी 1906 ची, तिएरची तिएर-इसार 1884 ची. नवा वस्तरा घेतला तर आपल्याकडे पोहोचेपर्यंत दहा हजारांच्या पुढे जातो, आणि पहिल्या पगाराला तो भारीच. म्हणून जुना पण चांगला, जाणकाराने धार लावून दिलेला वस्तरा घेणे अधिक शहाणपणाचे. नवा असो वा जुना, विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: याला दगडावर धार लावून दाढीलायक केले आहे का? पुष्कळ कंपन्यांचा वस्तरा डब्यातून निघतो तेव्हा कागद कापतो, पण दाढी ओढतो. तशा वस्तऱ्याने पहिली दाढी केली की माणूस पुन्हा हात लावत नाही.

आता आजोबांचा वस्तरा. तो टाकून देऊ नका, पण डोळे मिटून गालालाही लावू नका. उजेडात धरून धारेवर केसासारखी चीर आहे का ते पाहा. चीर असेल तर तो शोभेपुरताच ठेवावा. पाठीवरचा गंज घासून जातो, धारेजवळ खड्डे पडले असतील तर अवघड. मुठीतली खीळ सैल झाली का पाहा, ती ठोकून घट्ट करता येते. मूठ सेल्युलॉइडची असेल आणि तिला उग्र, आंबूस वास येत असेल तर ती कुजते आहे असे समजावे. तो वाफारा पात्यालाही गंज चढवतो. मूठ बदलली की पाते वाचते.

एक गोष्ट आपल्या गावासाठी मुद्दाम सांगतो. इथे फाउंड्री आणि मशीनशॉप घरोघरच्या ओळखीचे. ‘आमच्या शेडमध्ये ग्राइंडर आहे, दोन मिनिटांत धार लावून देतो’ असे म्हणणारा मित्र प्रत्येकाला असतो. त्याला नम्रपणे नाही म्हणा. फिरत्या चाकावर पातळ धार क्षणात तापते, पोलाद निळे पडते आणि त्याचे पाणी उतरते. मग ती धार कितीही वेळा लावा, टिकत नाही. सायकलवर चाक फिरवत सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्यालाही वस्तरा देऊ नये. वस्तऱ्याला सपाट, बारीक पाण्याचा दगड आणि सावकाश हात लागतो. (‘सावकाश’ हाही शब्द आपला आणि धारवाडचा एकच.) असा दगड पहिल्याच खरेदीत घेण्याची गरज नाही. नीट वापरलेला वस्तरा पाच-सहा महिने दगड मागत नाही. तोवर धार लावायला जाणकाराकडे द्यावा.

चामोट्यावर मात्र पैसे वाचवू नयेत. तो पहिल्या दिवसापासून रोज लागतो. अडीच-तीन इंच रुंद, एका बाजूला कापड आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत चामडे असलेला टांगायचा पट्टा घ्यावा. शहापुरातल्या एका वयस्क कारागिराकडे मी बसतो. आमच्या या विद्यार्थ्याला त्यांच्याकडे नेले, तेव्हा त्यांनी वस्तरा हातात दिलाच नाही. लोणी लावायची बोथट सुरी दिली आणि म्हणाले, “आठ दिवस हीच फिरव. आधी पाठ पुढं जायला पायजे, धार मागनं. वळवताना पाठीवरच वळव, धारेवर न्हाई.” मुलगा हिरमुसला. मी म्हटले, “अण्णा, निदान एकदा तरी दाखवा.” तर म्हणाले, “सर, पट्टा कापला तर पट्टा गेला, आन् धार वळली तर दगडावर माझाच अर्धा दिवस गेला.” त्यांचे बरोबर होते. दाढीआधी कापडावर वीस-तीस आणि चामड्यावर चाळीस-पन्नास फेऱ्या, पट्टा ताणून, दाब न देता. घाई करून दहा फेऱ्यांत उरकू नये.

बाकी संचात काय? मऊ ब्रश, वाटीतला साबण, तुरटीचा खडा आणि एक छोटी तेलाची बाटली. ब्रशचे केस कृत्रिम असले तरी चालतात, लवकर वाळतात ते वेगळेच. साबणाचा फेस मात्र दाट आणि ओला हवा. फेसाळलेल्या कॅनमधल्या क्रीमवर वस्तरा नीट सरकत नाही. तेल का, तर बहुतेक चांगली पाती कार्बन पोलादाची असतात, आणि आपला पाऊस जून ते सप्टेंबर भिंतीनाही बुरशी आणतो. दाढी झाली की पाते कोमट पाण्यात धुवून पुसावे, तासभर उघडे ठेवावे आणि मग शिवणयंत्राच्या तेलाचे बोट फिरवावे. खोबरेल थंडीत गोठते आणि चिकट होते, म्हणून ते टाळावे. ओल्या न्हाणीघरात वस्तरा ठेवू नये. घरात लहान मुले असतील तर कुलपात ठेवावा.

आईच्या विरोधाबद्दल. तो मी हसण्यावारी नेला नाही. रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांनी वस्तऱ्याच्या वाटेला जाऊ नये. मधुमेह असेल किंवा चेहऱ्यावर मुरुमांचे फोड असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. हा मुलगा त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवून आला, मगच पुढचे बोलणे झाले. वस्तरा एकाचाच असावा, भावाने भावाचाही वापरू नये. आणि हातातून निसटला तर झेलायला जाऊ नये, पडू द्यावा.

शेवटी त्याने जुना 5/8 गोल टोकाचा वस्तरा आणि नवा चामोटा घेतला. आजोबांच्या वस्तऱ्याच्या धारेवर चीर निघाली, तो त्यांच्या फोटोशेजारी काचेत ठेवला आहे. पहिले दोन आठवडे फक्त दोन्ही गाल, कातडी ताणून, पाते सुमारे तीस अंशांवर धरून, केसांच्या दिशेने. हनुवटी आणि गळा साध्या एकपाती रेझरने. मग वरचा ओठ, आणि सर्वांत शेवटी गळा, जिथे त्याच्या पुटकुळ्या आहेत. सध्या तो ओठापर्यंत आला आहे, आणि आईने रविवारी सकाळी न्हाणीघराच्या दाराशी उभे राहायचे आता सोडले आहे.