सणासुदीला रडके नको!

दिवाळी अंकात हा कसला सूर लावलात, असे वाचकांपैकी कोणी विचारण्याआधीच कबूल करून टाकतो की मी आज भांडायला बसलो आहे.

गेल्या पाडव्याची गोष्ट. परभणीला पहाटेच्या गाण्यांचा कार्यक्रम होता, म्हणून झरीहून आम्ही चौघे अंधारातच निघालो. निवेदकाने ‘जैत रे जैत’मधले एक गाणे पुकारले आणि ‘निसर्गाचे प्रसन्न दर्शन’ अशी त्याची भलावण केली. टाळ्या पडल्या. मध्यंतरात मी जवळ जाऊन म्हटले, याच चित्रपटातली काळ्या छायेची गाणीही घ्या की एखादे वेळी. तर गृहस्थ हसून म्हणाले, “काका, सणासुदीला रडके नको!” भोवतालच्या मंडळींनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो, आणि त्याचीच भरपाई आता करतो आहे.

प्रसन्न! अहो, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेलांनी १९७७ साली केलेला हा चित्रपट कशाचा आहे, हे तरी आठवा. ठाकरांच्या वस्तीतला ढोल वाजवणारा नाग्या. राणीमाशी डसून त्याचा एक डोळा जातो, आणि लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी उतरवल्याशिवाय स्वस्थ बसायचे नाही असे वैर तो मनात धरतो. नाग्या जिंकतो, पण मधमाश्यांच्या हल्ल्यात त्याची चिंधी बळी जाते. ‘जैत’ म्हणजे जिंकलो, आणि ही आरोळी उठते ती चिंधीच्या मरणाशेजारी. हृदयनाथ मंगेशकरांच्या त्या ढोलांत हे मरण मला पहिल्यापासून ऐकू येते. मधलेच एक गाणे खुडून त्याचा गजरा करणे म्हणजे देवळाचा कळस काढून दिवाणखान्यात मांडणे होय.

शिवाय गाणी कोणाची? ना. धों. महानोरांची. पळसखेडच्या या शेतकऱ्याच्या ‘रानातल्या कविता’ १९६७ साली आल्या, आणि पुढे पाचच वर्षांनी १९७२चा दुष्काळ आला. मराठवाड्यातल्या माणसाला पाऊस ही शोभेची वस्तू नाही. दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणलेल्या माणसाच्या आभाळाकडे पाहण्यात जे असते, ते या पावसात आहे. शहरातल्या रसिकाला त्यात नुसती हिरवळ दिसते, दिसो बापडी.

आता समोरच्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. वर्षभर राबलेल्या माणसाने चार दिवस हसावे, हे मलाही कळते. पण दुःखाचे गाणे माणसाला रडवतेच, हे कोणी ठरवले?

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. दिवाळीच्या आधीची पहाट. माय जात्यावर भाजणी दळत होती आणि सीतेच्या वनवासाच्या ओव्या गात होती. चेहरा अगदी शांत. मीच पांघरुणातून ओरडलो, “माय, आज सणाचं रडकं नको गाऊ!” ती थांबली. उरलेली भाजणी मुकाट्याने दळली. पुढच्या वर्षी गिरणी आली, जाते भिंतीला लागले, आणि त्या ओव्या मी पुन्हा कधी ऐकल्या नाहीत. आज मला त्यातली एकही पुरती येत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉईतवाँ यांच्या ओवी-संग्रहाच्या कामात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यात आमच्याच जिल्ह्यातल्या ताडकळसच्या एका बाईचा आवाज १९९६ साली मुद्रित झाला आहे. तिच्याही ओव्या सीतेच्या वनवासाच्या. मी त्या ऐकल्या. मायची एखादी सापडेल या आशेने दोनदा ऐकल्या. मायची नव्हती. पण आवाजातला तो सावकाशपणा तोच होता. रडणारी बाई अशी गात नाही. सोसून उठलेली गाते.

तेव्हा त्या निवेदकांना माझे सांगणे एवढेच की तुम्ही मला जे म्हणालात, तेच मी मायला म्हणालो होतो.

यंदा पाडव्याला परभणीला जायचे नाही, असे मी घरात जाहीर केले आहे. पहाटे अंगणात ‘जैत रे जैत’ची सगळी गाणी, एकही न गाळता, लावणार. शेजाऱ्यांनाही बोलावले आहे. बायकोची हरकत नाही. आधी अंघोळी उरकून घ्या, एवढेच ती म्हणते. ते मला मान्य आहे.