छोट्या प्रकाशकांच्या फाइली वाचवा

मा. मराठी भाषा मंत्री, मराठी भाषा विभागाचे सचिव, तसेच महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ व राज्य मराठी विकास संस्था यांचे पदाधिकारी यांस,



३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. तेव्हापासून मराठीच्या डिजिटल भवितव्याविषयी पुष्कळ बोलले जाते आणि बोलणे बहुधा एखाद्या नव्या पोर्टलपाशी किंवा ॲपपाशी येऊन थांबते. त्यासाठी जो पैसा काढून ठेवाल, तो आधी छोट्या प्रकाशकांच्या जुन्या फाइलींवर खर्च करा, एवढेच मागण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

छोटा प्रकाशक म्हणजे वर्षाला चार-सहा पुस्तके काढणारा, गठ्ठे घरातच रचून ठेवणारा, हिशेब आणि मुद्रितशोधन दोन्ही स्वतः पाहणारा माणूस. कवी अरुण कोलटकरांची ‘भिजकी वही’ अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ प्रकाशनाने काढली आणि २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या संग्रहाला मिळाला. मोठ्या घराला न परवडणारी किंवा न पेलणारी पुस्तके मराठीत अशाच लोकांनी काढली आहेत. त्यांची आवृत्ती लहान असते. ती संपली की पुस्तक दुकानातून जाते ते जातेच.

ई-पुस्तक काढा, असे त्यांना सहज सांगितले जाते. पण काढायचे कशातून? नव्वदच्या दशकापासून पुढे कितीतरी वर्षे मराठी पुस्तके पेजमेकर या पानरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये जुळवली गेली. त्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, तर पानभर निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, ती उपयोगीही आहेत. मात्र जुन्या फाइलीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे नेमके उलटे. मग ‘धर्म’ आणि ‘स्थिती’ यांसारखे साधे शब्दही मोडून पडतात, जोडाक्षरांची तर दैनाच. शिवाय शेवटच्या दुरुस्त्या तेव्हा अनेकदा छपाईसाठीच्या ट्रेसिंग पेपरवर चिकटवल्या जात. त्या दुरुस्त्या फाइलीत शिरल्याच नाहीत. म्हणून छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचणारा माणूस लागतो. या वाचनाला वेळ लागतो आणि त्याचे पैसे छोट्या प्रकाशकाकडे नसतात. ज्यांच्या फाइली सीडीवर होत्या, त्यांच्या कित्येक सीड्या आता उघडतही नाहीत.

असल्या फाइलीची पीडीएफ केली, तर डोळ्यांना पुस्तक दिसते, पण त्यात शब्द शोधता येत नाही. दृष्टिहीन वाचकाच्या संगणकाला ती वाचून दाखवता येत नाही. छापील पुस्तके दृष्टिहीनांपर्यंत पोहोचावीत यासाठीचा माराकेश करार २०१४ मध्ये जगात सर्वांत आधी भारताने संमत केला. त्या देशातल्या मराठी दृष्टिहीन विद्यार्थ्याला आपल्याच भाषेतल्या समीक्षेचे किंवा दलित आत्मकथनाचे पुस्तक कानांनी वाचता येऊ नये, हे मला सहन होत नाही.

कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१९ च्या अर्थसंकल्पात तेथील स्वतंत्र प्रकाशकांना सर्वांना वाचता येतील अशी डिजिटल पुस्तके काढता यावीत म्हणून पाच वर्षांसाठी २ कोटी २८ लाख डॉलर ठेवले. आपल्याला तेवढी रक्कम लागणार नाही. साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देते; त्याच धर्तीवर जुन्या पुस्तकाच्या डिजिटल आवृत्तीला पुस्तकागणिक अनुदान द्यावे. त्यात रूपांतर, मुद्रितशोधन, ईपब म्हणजे ई-पुस्तकाची फाइल तयार करणे आणि पुस्तकाची माहिती विक्रेत्यांना चालेल अशा साच्यात भरणे, एवढे यावे. आधी खर्च करा, मग पावत्या जोडा, ही अट घातलीत तर योजना मोठ्या प्रकाशकांच्याच पदरात पडेल. निम्मी रक्कम आधी द्या, उरलेली फाइल तपासून द्या.

फाइल मात्र प्रकाशकाकडेच राहिली पाहिजे. सरकारने जतनासाठी एक प्रत जरूर घ्यावी, पण लेखकाच्या आणि प्रकाशकाच्या लेखी परवानगीविना ती फुकट वाटू नये. जुन्या करारांत ई-पुस्तकाचा उल्लेखच नसतो. लेखक हयात नसेल तर वारसांना शोधून नवा करार करावा लागतो. तेव्हा वकिलाच्या मदतीसाठीही तरतूद हवी. आणि पुस्तके तयार झाल्यावर शासनमान्य ग्रंथालयांना ती विकत घेता यावीत, नाहीतर प्रकाशकाच्या हाती फाइल तेवढी राहील.

एक विनंती तातडीची आहे. हे जुने फाँट हाताखालून गेलेले, कोणत्या कळीवर कोणते अक्षर होते हे पाठ असलेले डीटीपी ऑपरेटर पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात अजून काम करतात. त्यांतले बरेच आता निवृत्तीला आले आहेत. योजनेच्या पहिल्या बैठकीला सल्लागार कंपन्यांच्या आधी त्यांना बोलवा, आणि ती बैठक याच वर्षी घ्या.

आपला,
मराठी पुस्तकांचा एक संपादक